लंबकांची देवघेव

दोन खुर्च्यांच्या पाठींस एक दोरी आडवी व किंचित् सैल बांधावी, आणि तिला सारख्या लांबीच्या सुतांनीं दोन सारखे गोळे टांगावे. एका गोळ्यास हलकेंच झोका द्यावा; दुसरा स्वस्थ असूं द्यावा. थोड्याच वेळांत पहिल्याचा झोका मंदावतो व दुसरा आपण होऊन हलूं लागतो. अखेरीस पहिला जवळजवळ थांबतो आणि दुसराच झोके घेतो. मग तीच ऊर्जा आल्या वाटेनें परत फिरते. हा प्रयोग घरीं सहज होण्यासारखा आहे. पालकांनींहि तो मुलांबरोबर अवश्य करून पाहावा.

ही देवघेव वरून गूढ दिसते, परंतु तिच्या मुळाशीं मोठी शिस्त आहे. दोन्ही गोळे एकाच दिशेनें झुलणें हा आंदोलनाचा एक प्रकार, व परस्परविरुद्ध दिशांनीं झुलणें हा दुसरा. आपणांस दिसतें ती या दोहोंची बेरीज होय. तंबोऱ्याची तारहि अशीच एकसंध, दोन भागांत, तीन भागांत, अशा अनेक प्रकारांनीं एकाच वेळीं कंप पावते. जोंवर ताण हा लांबीच्या वाढीच्या ठीक प्रमाणांत असतो, तोंवर प्रत्येक प्रकार आपली ऊर्जा आपल्यापाशींच राखतो. शेजाऱ्यास कांहीं देत नाहीं.

परंतु खरी स्प्रिंग इतकी काटेकोर नसते. प्रमाणांत अल्पसा फरक पडला तर काय होईल? ऊर्जा हळूहळू सर्व प्रकारांत पसरून अखेर सारखी वांटली जाईल, असाच शास्त्रज्ञांचा समज होता. अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथें एन्रिको फर्मी, जॉन पास्ता व स्टॅनिस्लाव उलाम यांनीं 1953 च्या सुमारास हा समज कसोटीस लावण्याचें ठरविलें. स्प्रिंगांनीं जोडलेल्या 32 किंवा 64 कणांची सांखळी कल्पून तिची गति त्यांनीं ‘मॅनियाक’ नांवाच्या गणनयंत्राकडून काढविली. यंत्रास द्यावयाची आज्ञावली मेरी त्सिंगू या विदुषीनें लिहिली होती.

सर्व ऊर्जा प्रथम पहिल्या प्रकारांत ठेवली होती. ती दुसऱ्यांत, तिसऱ्यांत, चौथ्यांत गेली खरी; परंतु समान वांटणी कांहीं झाली नाहीं. बऱ्याच आंदोलनांनंतर ती जवळजवळ सगळी पहिल्या प्रकाराकडे परत आली. तफावत राहिली ती शेंकडा दोनतीन इतकीच! फर्मी 1954 च्या नोव्हेंबरांत निवर्तले, व हा वृत्तांत 1955 मध्यें लिहिला गेला. त्या प्रश्नास पुष्कळ वर्षें तिघांचेंच नांव होतें. आतां मेरी त्सिंगू यांचेंहि नांव त्यांत जोडलें जातें, हें न्याय्यच झालें.

या कोड्याचा उलगडा पुढें दोन वाटांनीं झाला. 1965 मध्यें झाबुस्की व क्रुस्कल यांनीं दाखविलें कीं, अशा सांखळींत एकेकट्या लाटा उत्पन्न होतात. त्या एकमेकींतून पार जाऊनहि आपला आकार सोडीत नाहींत. 1966 मध्यें रशियन शास्त्रज्ञ इझ्राइलेव्ह व चिरिकॉव्ह यांनीं दुसरी बाजू मांडली: ऊर्जा एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे शिस्त मोडते, अनागोंदी माजते, आणि मग वांटणी होऊं लागते. एका लंबकाखालीं दुसरा लंबक जोडून पाहा. झोका लहान असेल तर चाल नियमित असते. मोठा असेल तर आरंभींचा केसभर फरकहि लवकरच वाढून दोन वेळच्या चालींत कांहींच साम्य राहत नाहीं. नियम तेच असतात. भाकीत मात्र हातचें जातें.

विद्यार्थ्यांनो, प्रयोगवह्या तपासतांना कित्येकदां आम्हांस खोडलेले आंकडे दिसतात. पुस्तकांतील उत्तराशीं जुळावें म्हणून निरीक्षण बदललेलें असतें. यांत दोष केवळ तुमचा नाहीं. जुळणाऱ्या उत्तरासच गुण देण्याची चूक आम्हीं शिक्षकांनींहि केली आहे. लॉस अलामॉसच्या त्या मंडळींनीं अपेक्षेविरुद्ध आलेला आंकडा यंत्राची चूक म्हणून खोडून टाकला असता, तर ज्ञानाची एक मोठी शाखा तेथेंच खुंटली असती. म्हणून जें दिसेल तेंच लिहा. तें कां दिसलें हें विचारावयास आमच्याकडे या. आपण मिळून शोधूं.