विणकरांची सहकारी वीण

अंबत्तूर म्हटले की १९६४ साली उभी राहिलेली औद्योगिक वसाहत आणि तेथील यंत्रांची घरघर आठवते. मात्र याच चेन्नईत विनायंत्राचा एक उद्योगही सहकाराच्या बळावर उभा आहे. १९३५ साली स्थापन झालेली ‘को-ऑप्टेक्स’ ही तामिळनाडूतील हातमाग विणकर सहकारी संस्थांची शिखर संस्था होय.

कांचीपुरमच्या पारंपरिक रेशमी साडीत काठ व अंग भिन्न रंगांचे असून ते विणतानाच परस्परांत गुंफले जातात. या पद्धतीस ‘कोरवई’ म्हणतात. त्यासाठी तीन धोटे लागतात व विणकराशेजारी एक साहाय्यक बसतो. आपल्या पैठणीचे काठही असेच अंगात गुंतवलेले असतात.

असे काम सावकाश चालते. रेशीम व जर महाग. साडी पूर्ण होईपर्यंत हाती पैसा नाही. व्यापाऱ्याकडून उचल घेतली, तर मजुरीचा दरही तोच ठरवतो. ही कोंडी प्राथमिक सहकारी संस्था फोडते. ती सभासदास सूत व जर पुरवते आणि घरच्या मागावर विणलेले कापड स्वीकारून नगानुसार मजुरी देते. शिखर संस्था ते विकत घेऊन आपल्या दुकानांतून विकते. यासाठी लागणारे खेळते भांडवल बँका देतात. माल पडून राहिल्यास कर्जफेड व मजुरी दोन्ही अडतात.

पहिला राष्ट्रीय हातमाग दिन ७ ऑगस्ट २०१५ रोजी चेन्नईतच साजरा झाला. खरेदी करताना ‘हँडलूम मार्क’ व ‘सिल्क मार्क’ अवश्य पाहावेत. विकलेल्या प्रत्येक साडीमुळे पुढच्या साडीचे सूत येते.