दुखण्याची गोळी घेण्याआधी पाकीट उलटून बघा



आमच्या वस्तीतली एक मावशी चार घरची धुणीभांडी करते. गुडघे दुखतात, पण खाडा झाला की पगार कापतात. म्हणून सकाळी निघताना चहाबरोबर मेडिकलमधून आणलेली एक गोळी आणि संध्याकाळी दुसरी, असं दोन वर्षं चाललं. पायाला सूज आली तेव्हा तिला वाटलं, उभं राहून आली असेल. मी रक्त तपासायला लावलं. क्रिएटिनीन वाढलं होतं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं होतं. तिला बीपीची गोळी चालू होती, पण दुखण्याची गोळी देताना मेडिकलमध्ये तिला ते कोणी विचारलंच नव्हतं.

मी मावशीला दोष देत नाही. हातावर पोट असणाऱ्याला 'आराम करा' म्हणणं सोपं असतं. पण आपण पोटात काय टाकतोय, हे कळण्याचा हक्क तिला आहे.

या गोळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक पॅरासिटामॉल. दुसऱ्या सूज उतरवणाऱ्या: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नायमेसुलाइड, पाळीत पोट दुखलं की मुली घेतात ती मेफेनॅमिक ॲसिड. शरीरातल्या ज्या द्रव्यांमुळे सूज आणि वेदना वाढते, तीच द्रव्यं जठराचं अस्तर राखतात आणि किडनीला रक्त पोचवतात. गोळी दोन्ही कामं थांबवते. म्हणून उपाशीपोटी ती घेऊच नये. बीपी, शुगर, हृदयाचा किंवा किडनीचा आजार, जुना अल्सर असलेल्यांनी, म्हाताऱ्या माणसांनी आणि गरोदर बायकांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जुलाब लागलेत किंवा दिवसभर उन्हात काम करून अंगातलं पाणी कमी झालंय, तेव्हाही नको. 'सुई घेतली की पोटाला त्रास नाही' हा गैरसमज आहे. औषध रक्तातूनच फिरतं, सुईने घ्या की तोंडाने.

पॅरासिटामॉल त्यामानाने सौम्य, पण हिशोब चुकला तर लिव्हर निकामी करतं, आणि पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. धडधाकट मोठ्या माणसाने 500 मिलिग्रॅमच्या 1 किंवा 2 गोळ्या घ्याव्यात, मध्ये 6 तास सोडावेत, 24 तासांत 8 च्या वर कधीच जाऊ नये. अंगाने बारीक असणाऱ्यांना, लिव्हरचा आजार असणाऱ्यांना आणि रोज पिणाऱ्यांना एवढीही जास्त होते. पंचशील घेतलेल्या घरांत दारूचं सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

खरी फसगत होते ती मिश्र गोळ्यांत. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं बारीक असतं. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम असतं. कंबरेसाठी ती घेतली आणि तापासाठी वर डोलो 650 घेतली, तर पॅरासिटामॉल दोनदा गेलं. म्हणून पाकीट उलटा, बारीक अक्षर वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. पाकिटावर लाल रेष असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं.

पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर डेंग्यूची शंका धरा. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी रोजची ॲस्पिरिन दिली असेल, तर ती मनाने बंद करू नका, त्याच दिवशी त्यांना विचारा.

लेकरांच्या बाबतीत एक चूक मी वारंवार पाहिली. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 250. ड्रॉप्स चमच्याने पाजले तर बाळाला कितीतरी पट डोस जातो. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टर किंवा सिस्टरकडून लिहून घ्या. 12 वर्षांखालच्या मुलांना नायमेसुलाइड देण्यावर 2011 पासून आपल्या देशात बंदी आहे.

काळी डांबरासारखी शौचास होणं, रक्ताची उलटी, लघवी कमी होणं, तोंडाला किंवा पायाला सूज, अंगावर पुरळ, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर गोळी थांबवा आणि पाकीट सोबत घेऊन सरकारी दवाखाना गाठा.

मावशीची ती गोळी बंद झाली. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल मोजून दिलं आणि मांडीचे व्यायाम शिकवले. भांडी ती आता उकिडवं न बसता ओट्याशी उभी राहून घासते. दुखणं आहे, पण कमी आहे. पुढच्या महिन्यात क्रिएटिनीन पुन्हा तपासायचं आहे.