फाटकावर उभा असलेला बेलिफ

आजचा विषय ग्रंथातला नाही, आमच्या फाटकावरचा आहे. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत आम्ही राहतो. काही वर्षं सोसायटीचं अध्यक्षपद आमच्या गळ्यात होतं. एका सकाळी चौकीदाराचा फोन आला. एका शेजाऱ्यांच्या नावाचं समन्स घेऊन न्यायालयाचा बेलिफ फाटकावर उभा होता. शेजारी घरातच होते, हे आम्हाला ठाऊक. तरी आम्ही म्हणालो, ‘‘सांगून दे, घरी नाहीत.’’ चौकीदार जरा थांबला आणि म्हणाला, ‘‘सर, उद्या कोर्टानं इचारलं त कोनाचं नाव सांगू?’’

आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं, पण या प्रश्नापुढे आम्ही गप्प झालो. आम्ही खाली गेलो आणि बेलिफाला आत सोडायला लावलं. शेजारी चिडले. ‘‘तुम्ही त्याला आत सोडलंच कसं? आता जबाबदार कोण?’’ तर आज पाहू या, जबाबदार कोण ते.

आधी समन्स म्हणजे काय? ती शिक्षा नव्हे. तुमच्याविरुद्ध कुणी काही म्हणतो आहे, येऊन तुमचं म्हणणं सांगा, एवढाच त्याचा अर्थ. प्राचीन अथेन्समध्ये हे बोलावणं फिर्यादी स्वतः, साक्षीदार बरोबर नेऊन, तोंडी देत असे. मूळ विचार तोच. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय निवाडा नाही, आणि ऐकायचं तर त्याला आधी कळायला हवं.

आता पहिला प्रश्न. आत सोडलं म्हणून चौकीदार किंवा सोसायटी दोषी ठरते का? नाही. फौजदारी अतिक्रमणाला गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. न्यायालयाचा कागद पोचवायला आलेल्या माणसाचा तसा हेतू नसतो. नुकसानभरपाई मागायची, तर आधी नुकसान दाखवावं लागेल. समन्स मिळणं हे काही नुकसान नव्हे.

दुसरा प्रश्न, अडवलं तर? इथे मात्र सांभाळा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम २०७ नुसार, स्वतःवर किंवा दुसऱ्या कुणावर होणारी समन्सची बजावणी हेतुपुरस्सर रोखणं हा गुन्हा आहे. समन्स न्यायालयात हजर होण्याचं असेल, तर सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘दुसऱ्या कुणावर’ हे शब्द लक्षात ठेवा. त्यात चौकीदार येतो. आणि त्याला खोटं बोलायला लावणारा अध्यक्ष? तोही अपप्रेरणेच्या प्रश्नातून सुटत नाही.

बरं, अडवून रहिवाशाचं भलं होतं का? तेही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ प्रमाणे, माणूस भेटलाच नाही तर समन्स घराच्या बाहेरच्या दारावर चिकटवता येतं. तो टाळतो आहे असं न्यायालयाला वाटलं, तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पर्यायी बजावणी होते, आणि ती प्रत्यक्ष बजावणीइतकीच पक्की मानली जाते. समन्स मिळाल्यापासून लेखी कैफियत द्यायला तीस दिवस असतात. जाहिरात नजरेतून सुटली, तर ते दिवस गेलेच म्हणून समजा. मग एकतर्फी हुकूमनामा.

तिसरी गोष्ट मर्यादेची. चौकीदाराने समन्स स्वतः घेऊन सही करू नये. घरातल्या कुटुंबीय प्रौढ व्यक्तीला, स्त्री असो वा पुरुष, ते घेता येतं. नोकर कुटुंबात मोडत नाही, असं संहिताच म्हणते. तो चौकीदाराकडे सोपवलेला कागद चांगली बजावणी नव्हे. ओळखपत्र पाहा, वहीत नाव आणि वेळ लिहा, घर दाखवा, बस. न पाहता कुणालाही सोडलं आणि चोरी झाली, तर हलगर्जीचा प्रश्न खराखुरा उभा राहील. आणि बेलिफाची वाट फ्लॅटच्या दारापर्यंतच. समन्स हातात आहे म्हणून दार ढकलून घरात शिरण्याचा हक्क त्याला मिळत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने कायद्यातच लिहून ठेवलं आहे, की फाटकबंद वसाहतीने समन्स घेऊन येणाऱ्याला, रहिवाशाला आगाऊ न कळवता, आत सोडलं पाहिजे. आपल्या दिवाणी संहितेत फाटकाचा असा उल्लेख नाही. १९०८ साली सोसायट्यांची फाटकं होती कुठे? पण बजावणी रोखू नये, हे तत्त्व तेव्हापासून तेच आहे.

इथून जवळ अमरावतीला परकोट आहे. जवाहर गेट, अंबागेट आपण रोज ओलांडतो. तो कोट पेंढाऱ्यांपासून गाव वाचावं म्हणून बांधला. फाटक लुटारूसाठी असतं, न्यायासाठी नसतं. हा फरक ज्या दिवशी आपण विसरू, त्या दिवशी आपल्या सोसायट्या गढ्या होतील.

शेजारी वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. दाव्यात मात्र त्यांना मुदतीत बोलता आलं. आणि चौकीदाराच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला उशिरा सुचलं. ज्याने खोटं बोलायला सांगितलं, त्याचं नाव सांगावं. महिन्याच्या तुटपुंज्या पगारात त्याने आपलं खोटं विकत घ्यावं, ही अपेक्षाच अन्यायाची होती.