उंबरठ्यावरचा शरद : बंगळुरूच्या घराचे दार सजवा घरच्या हातांनी

घटस्थापना ते लक्ष्मीपूजन हा जेमतेम महिन्याचा काळ. या महिन्यात नवरात्र, आयुधपूजा, दसरा आणि दिवाळी लागोपाठ येतात. घरी येणारा पाहुणा, शेजारच्या काकू, कुरिअरवाला, सगळे आधी तुमचे दार पाहतात. बाजारात प्लॅस्टिकचे तोरण आणि चमकीचा कंदील तयार मिळतो. दहा मिनिटांत दार सजते आणि महिनाभराने ते सगळे कचऱ्यात जाते.

बंगळुरूत वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी मात्र दार ही मोठी जागा असते. घरात मराठी, लिफ्टमध्ये कन्नड किंवा हिंदी आणि शाळेत इंग्रजी, असा त्यांचा दिवस जातो. आपल्याकडे सण कसा असतो, हे शेजाऱ्याला सांगायची वेळ बहुधा उंबरठ्यावरच येते. तोरण मुलाने स्वतः केले असेल तर सांगायला त्याच्याकडे काही असते. म्हणून यंदाची सजावट सगळ्यांनी मिळून करा. चार रविवार पुरतात.

आधी दार नीट पाहा

मल्लेश्वरम किंवा बसवनगुडीतल्या जुन्या घराला ओसरी असते, फाटक असते. फ्लॅटला असतो फक्त उंबरठा, समोरचा कॉरिडॉर आणि चपलांचे कपाट. कॉरिडॉर ही सर्वांची वाट आहे. आग लागली तर लोक तिथूनच बाहेर पडणार, म्हणून जमिनीवर काही मांडण्यापेक्षा चौकटीवर, भिंतीवर आणि कपाटाच्या वर सजवा. काही अपार्टमेंटमध्ये याचे नियमही असतात, ते आधीच विचारून घ्या.

दुसरी गोष्ट पावसाची. पुण्या-नाशकात ऑक्टोबरमध्ये आभाळ मोकळे होऊ लागते. बंगळुरूत मात्र सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे वर्षातल्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांत मोडतात. संध्याकाळी अचानक सर येते. दारावर, बाल्कनीत किंवा फाटकाला जे लावाल, ते भिजेल असे धरूनच साहित्य निवडा.

लग्नपत्रिकांच्या आपट्याचे तोरण

प्रत्येक घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. जाड कागद, लाल-केशरी रंग, सोनेरी छपाई. आपट्याच्या पानांसाठी याहून चांगला कागद शोधून सापडणार नाही.

आपट्याचे पान म्हणजे दोन जुळे गोल, वर मधोमध खाच. पत्रिकेचा तुकडा मध्ये दुमडा, घडीच्या बाजूने अर्धे पान काढा आणि कापा. उघडले की पूर्ण पान तयार होते आणि घडी त्याची मधली शीर बनते. साधारण ९० सेंटीमीटर रुंदीच्या दाराला ६ सेंटीमीटरची १५ पाने लागतात. देठाकडे सुईने भोक पाडून जाड दोऱ्यात ओवा. दोन पानांमध्ये एक लाकडी मणी घातला की पाने एकमेकांवर सरकत नाहीत. तोरण दाराच्या फळीला न लावता चौकटीच्या वरच्या पट्टीला लावा, म्हणजे दार उघडताना अडकत नाही.

या कागदी सोन्याचा आणखी एक फायदा आहे. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात आणि झाड बोडके होते. मागणी भागवण्यासाठी कांचनाची पानेही आपटा म्हणून विकली जातात. कागदी पान वाटले तर झाड वाचते आणि मुलांना पानावर नाव लिहून देता येते. कर्नाटकातही दसऱ्याला पाने देण्याची पद्धत आहे. तिथे ती ‘बन्नी’ची, म्हणजे आपल्या शमीची असतात. शेजाऱ्याच्या हातात कागदी आपटा ठेवताना मुलाने बन्नीबद्दल विचारले, तर गप्पा आपोआप सुरू होतील.

पाटावरचा हत्ती

ओल्या फरशीवर रांगोळी टिकत नाही आणि कॉरिडॉरमध्ये ती पायाखाली येते. त्यापेक्षा जुना लाकडी पाट घ्या. त्यावर गेरूचे दोन हात द्या, वाळू द्या आणि पांढऱ्या रंगाने मधोमध हत्ती काढा. कडेने ठिपक्यांची नक्षी द्या. पाट दाराच्या बाजूला भिंतीला टेकवून उभा ठेवा.

हत्तीच का? नवरात्रात मुली पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती भोंडल्याचा फेर धरतात. सूर्य हस्त नक्षत्रात असताना पडणारा हा पाऊस, आणि हस्त म्हटले की हत्ती, असे ते नाते आहे. इकडे मैसूरच्या दसऱ्यात चामुंडेश्वरीची मूर्ती सोन्याच्या अंबारीत ठेवून हत्तीवरून मिरवतात. बंगळुरूतल्या मुलांनी ती जंबू सवारी टीव्हीवर पाहिलेली असते. एकाच हत्तीत तुमची दोन्ही गावे येतात. अष्टमीला किंवा कोजागरीला इमारतीतल्या मुलींना बोलावून याच पाटाभोवती फेर धरा. खिरापत ओळखायचा खेळ सगळ्याच मुलांना आवडतो, त्याला भाषा लागत नाही.

बाहुल्यांच्या तीन पायऱ्या

नवरात्रात बंगळुरूच्या अनेक घरांत ‘गोंबे हब्बा’ असतो. पायऱ्या करून त्यावर बाहुल्या मांडतात. पायऱ्यांची संख्या विषम असते आणि सर्वांत वर राजा-राणीची जोडी असते. तुमच्याकडे एवढा पसारा नको असेल तर बुटांचे तीन लहान-मोठे खोके एकावर एक रचा, जुन्या साडीचा काठ चिकटवा आणि चपलांच्या कपाटावर ठेवा.

बाहुल्या मुलांनी शाडूच्या मातीच्या कराव्यात. सोबत दोन-चार लाकडी खेळणी हवीत तर चन्नपट्टणची घ्या. बंगळुरूपासून मैसूर रस्त्यावर सुमारे ६० किलोमीटरवर हे गाव आहे. तिथले कारागीर ‘आले मरा’ नावाच्या झाडाचे, म्हणजे आपल्या काळ्या कुड्याचे लाकूड फिरत्या यंत्रावर धरतात आणि त्यावर लाखेचा रंग चढवतात. या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आजोळ कोकणात असेल तर सावंतवाडीची लाकडी फळे त्यांच्या शेजारी मांडा. दोन गावांचे कारागीर एकाच पायरीवर छान दिसतात.

चोवीस कामट्यांचा कंदील

दिवाळीचा आकाशकंदील घरी करणे वाटते तितके अवघड नाही. बांबूच्या २० सेंटीमीटर लांबीच्या २४ कामट्या घ्या. बांबू मोठ्यांनी चिरावा आणि कडा पॉलिश पेपरने घासाव्यात, नाहीतर कुसळे बोटात जातात.

१६ कामट्यांचे चार चौकोन बांधा. ते पतंगासारखे टोकावर उभे धरा आणि बाजूचे कोपरे एकमेकांना बांधून गोल करा. आता वर चार टोके आणि खाली चार टोके दिसतील. उरलेल्या आठ कामट्यांपैकी चार वरच्या टोकांना जोडा, चार खालच्या. झाला सांगाडा. तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४० सेंटीमीटर रुंद आणि साधारण २८ सेंटीमीटर उंच होतो. सुरुवातीला तो डुलतो, त्याची काळजी नको. चार चौकोनांवर आणि मधल्या आठ त्रिकोणांवर कागद ताणून चिकटवला की घट्ट बसतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवा.

छताखाली टांगणार असाल तर पतंगाचा कागद आणि घरची खळ पुरे. पाऊस लागणार असेल तर कागदाऐवजी जुन्या पातळ साडीचे कापड फॅब्रिक ग्लूने लावा, ते भिजले तरी वाळते. आत ५ वॉटचा एलईडी दिवा मधोमध सोडा. वायरचा जोड उघडा राहू देऊ नका आणि कंदिलात पणती ठेवू नका.

फुले, कोहळा आणि नंतरचा कचरा

आयुधपूजेच्या आधी के. आर. मार्केटमध्ये झेंडू, केळीचे खांब आणि कोहळ्यांचे ढीग लागतात. पूजेनंतर दृष्ट काढलेला कोहळा रस्त्यावर फोडतात आणि त्या गरावरून दुचाकी घसरतात. तुमच्या घरी ही प्रथा असेल तर कोहळा फाटकाच्या आत, जुन्या पोत्यावर फोडा आणि लगेच उचला. नाण्यांसाठी मुले रस्त्यावर धावत नाहीत, हाही फायदा.

कागदी तोरण आधीच असल्याने झेंडू थोडाच लागतो. दोन्ही बाजूंना एकेक माळ पुरे. सुकल्यावर पाकळ्या वेगळ्या करून सावलीत वाळवा. तुरटीच्या पाण्यात उकळल्या की सुती कापडाला पिवळा रंग देतात, आणि पुढच्या वर्षीच्या खोक्यांना लावायला ते कापड कामी येते. देठाकडच्या काळ्या बिया कुंडीत टाका. केळीचे खांब तुकडे करून ओल्या कचऱ्यात द्या.

सजावट उतरवताना

तुळशीच्या लग्नानंतर सगळे उतरवा. तोरण पुठ्ठ्याभोवती गुंडाळा, म्हणजे दोरा गुंतत नाही. कंदिलाचा कागद काढून सांगाडा माळ्यावर ठेवा, पुढच्या वर्षी फक्त नवा कागद लागेल. बाहुल्या जुन्या मऊ कपड्यात गुंडाळा. पाटाच्या मागे पेन्सिलीने वर्ष आणि हत्ती काढणाऱ्याचे नाव लिहा. दरवर्षी त्याखाली एक ओळ वाढेल. मुले मोठी होऊन दुसऱ्या शहरात गेली, तर पाट त्यांच्याबरोबर द्या.