भोर-वेल्हे : संस्थानापासून शनिवार-रविवारपर्यंत

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले. संस्थानिक पंतसचिवांचा कारभार संपला, नीरेकाठचा राजवाडा राहिला आणि राजधानीचे गाव तालुक्याचे गाव झाले. राजगड आणि तोरणा तोवर याच संस्थानाच्या हद्दीत होते. तेव्हापासूनचा मागोवा घ्यायचा तर आमदार, निवडणुका, कारखाना असा क्रम लावता येईल. पण इथला म्हातारा माणूस बोलायला लागला की आधी धरणावर येतो, म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू.

वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण संस्थानकाळातले. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या धरणाच्या जागी नवे, मोठे लॉइड धरण उभे राहिले आणि १९२८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी अडले. ते नीरेच्या दोन्ही कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसकडे गेले आणि तिकडे ऊस उभा राहिला. धरणाच्या काठावरचे गाव मात्र पावसावरच्या भातावर राहिले. पुढे वेल्ह्यात पानशेत झाले, वरसगाव झाले. भोरमध्ये नीरा-देवघर, आणि राजगडाच्या परिसरात गुंजवणी. १२ जुलै १९६१ ही तारीख पुण्याला पानशेतच्या पुरामुळे पाठ आहे. त्याच धरणासाठी ज्यांची भाताची खाचरे गेली, त्यांची तारीख कुणाला पाठ नाही. भाटघरचे पाणी उन्हाळ्यात उतरले की वेळवंडकडे कांबरेश्वराचे जुने दगडी देऊळ उघडे पडते. वर्षातले थोडे दिवस देवाला आणि भक्तांना मोकळे मिळतात.

पाणी खाली गेले तशी माणसेही गेली. आगोटीची तयारी, राब भाजणे, पेरणी, चिखलणी, लावणी, आणि भात निघाले की मुंबई, असा कित्येक घरांचा वर्षक्रम होता. गिरणी, गोदी, माथाडी, जे मिळेल ते काम. घर चालायचे मनिऑर्डरीवर आणि बाईच्या कष्टांवर. जत्रेला मात्र मुंबईकर हटकून येत. वेल्ह्याची मेंगाई असो की कुठल्याही वाडीचा भैरवनाथ, पालखी, छबिना, तमाशा, कुस्त्यांचा फड हे सगळे वर्गणीवर चाले आणि वर्गणीचा मोठा वाटा मुंबईच्या गावमंडळाचा असे. १९८२ च्या गिरणी संपाने हा ओघ आटला. कुणी परतले, पुष्कळ तिकडेच अडकले. पुढच्या पिढीला शिरवळ-खेड शिवापूरचे कारखाने आणि पुण्यातली नोकरी सापडली. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या वाढत असताना वेल्हे तालुक्याची घटली. २०११ मध्ये ती जेमतेम साडेचोपन्न हजार होती. अख्खा तालुका, आणि माणसे पुण्याच्या एखाद्या उपनगराइतकीही नाहीत!

याच रिकाम्या होत चाललेल्या वाटांवर शहरातली माणसे वर चढू लागली. सुरुवातीला ती थोडी होती. गो. नी. दांडेकरांसारखा लेखक राजगडावर राहायचा, तिथली माणसे नावानिशी ओळखायचा. 'वाघरू' ही कादंबरी त्यातूनच आली. गिर्यारोहक एसटीने यायचे, गुंजवण्यात किंवा वेल्ह्यात कुणाच्या तरी पडवीत पथारी टाकायचे, पिठलं-भाकर खायचे. गडावर ताक आणि लिंबूसरबत विकणाऱ्या मावशी तेव्हापासूनच्या. मग गाड्या आल्या, पाबे घाटाचा रस्ता सुधारला, पानशेतकाठी रिसॉर्ट आणि फार्महाऊस आली. जमिनीचे सौदे झाले. काही घरांनी पडवीला खोल्या जोडल्या आणि त्यांचे बरे चालले. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांनी खाचर विकले, त्यांतले काही आता त्याच जागेवर राखणदार आहेत.

आणि पावसाळा. जुलैत लावणीची घाई असते. रोप वेळेत लागले नाही तर वर्ष गेले. एकमेकांच्या शेतात मिळून राबण्याची इर्जिक आता नावालाच उरलीय, मजूर मिळत नाहीत. नेमक्या त्याच शनिवार-रविवारी मढे घाटाच्या धबधब्यांकडे गाड्यांची रांग लागते आणि त्याच रस्त्याने जाणारे ट्रॅक्टर, दूधवाले, शाळकरी पोरे तीत अडकतात. वरंधा घाट पावसात बंद होतो तेव्हा शहरात बातमी येते ती सहल हुकल्याची. हिरडस मावळातल्या माणसाच्या दृष्टीने तो महाडकडचा, सोयऱ्याधायऱ्यांकडचा रस्ता आहे.

११ जुलै २०२५ ला मराठा लष्करी स्थळांच्या यादीत राजगड जागतिक वारसा झाला. तोरणा त्यात नाही, ही वेल्हेकरांची रुखरुख योग्यच आहे. त्याच वर्षी वेल्हे तालुक्याचे नाव अधिकृतपणे राजगड झाले. दोन्हींचा आनंद इथे मनापासून साजरा झाला, आणि का होऊ नये? शिवजन्माची तिथी ज्या जेधे शकावलीमुळे पक्की झाली, ती याच भागातल्या कारीच्या जेध्यांच्या घरातली. पण नाव आणि मान मिळून तालुक्यात पोर टिकत नाही. त्यासाठी बारमाही एसटी, रात्री डॉक्टर सापडेल असे आरोग्य केंद्र आणि धरणाच्या पाण्यात स्वतःचा वाटा लागतो. या तिन्ही मागण्या इथे जुन्या आहेत.

वाचकांना एवढेच सांगणे : राजगडाला जाल तर जुलैतला रविवार टाळा. सुगी झाल्यावर या, आठवडे बाजाराच्या दिवशी भोरला थांबा, आणि आंबेमोहोर घ्यायचा असेल तर पिकवणाऱ्याच्या हातून, तो सांगेल त्या भावाने घ्या.