जुन्या जीपचं इंजिन बांधायचं की दुसरं टाकायचं? ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा

सुरगाणा, पेठ, कळवणच्या वाड्यापाड्यांवर आजही पंधरा-वीस वर्षं जुन्या महिंद्राच्या जीपा धावतात. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्यावर नवी गाडी घालायला कुणी धजत नाही. तिथं दुधाचे कॅन, भाताची पोती, वेळ पडली तर दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळा भार या गाडीवर. अशी गाडी चढाला दम टाकायला लागली, मागून निळा धूर सोडायला लागली की गॅरेजवाला सरळ सांगतो, "इंजिन गेलं. बांधायचं का दुसरं टाकायचं, बोला." आणि आपण अंदाजानं उत्तर देतो. इथंच पैसा जातो. कारण इंजिन खोलून मोजमाप झाल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर ना मालकाकडं असतं, ना मिस्त्रीकडं.

आधी इंजिन खरंच गेलंय का, ते बघा. काळा धूर म्हणजे बहुतेक वेळा नोझल, डिझेल पंप किंवा चोंदलेला एअर फिल्टर. त्यासाठी इंजिन उतरवायची गरज नाही. एमएम ५४० सारख्या जुन्या गाड्यांत २११२ सीसीचं प्युजो इंजिन आहे, त्याला थंडीत स्टार्ट व्हायला हीटर प्लग लागतात. प्लग जळाले की सकाळी गाडी रडते आणि लोक म्हणतात कॉम्प्रेशन गेलं. ऑइल ताकासारखं पांढरट झालं असेल तर पाणी ऑइलात मिसळतंय. ते नुसत्या हेड गॅस्केटमुळंही होतं, ब्लॉकच फुटला असेल असं नाही. पण तशा ऑइलवर गाडी चालवू नका.

निळा धूर मात्र ऑइल जळतंय हे सांगतो. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून भकाभका धूर बाहेर येत असेल तर मिस्त्री ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते हेच. रिंगा आणि लाइनर झिजले. खात्रीसाठी चारही सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. एकच सिलिंडर कमी दाखवत असेल तर व्हॉल्व्हचा दोष असू शकतो, म्हणजे काम हेडपुरतं. चारही कमी असतील तर इंजिन खोलावं लागणार.

खालून ठकठक आवाज येतोय आणि गरम झाल्यावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय, तर गाडी तिथंच बंद करा. बेअरिंग गेलेली असते. "गावापर्यंत नेतो" म्हणून दहा किलोमीटर चालवली, तर जो क्रँक घासून वापरता आला असता तो भंगारात जातो. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत न्या, स्वस्त पडेल.

निर्णय लेथवाल्याकडं होतो

इंजिन खोललं की दोन गोष्टी मोजायच्या, क्रँक आणि ब्लॉक. क्रँक घासतात तो ठरावीक मापात. मिस्त्री 'दहा, वीस, तीस' म्हणतात, म्हणजे साधारण पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्या. दरवेळी घासला की त्याच मापाची जाड बेअरिंग बसते. तुमच्या गाडीचा क्रँक अजून स्टँडर्ड किंवा दहाला असेल तर इंजिन बिनधास्त बांधा. आधीच्या मालकानं तो तीसपर्यंत नेला असेल तर पुढं घासायला जागाच नाही, दुसरा क्रँक शोधावा लागेल. जुनी बेअरिंग काढल्यावर तिच्या पाठीवर माप कोरलेलं असतं, तुमच्यासमोर वाचायला सांगा.

ब्लॉकचं तसंच. सिलिंडर गोल राहिलाय की अंड्यासारखा झालाय, वर-खाली माप सारखं आहे का, हे बोअर गेजनं कळतं. बोट फिरवून "चालेल" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. काही इंजिनांत लाइनर ओढून नवे बसतात, काहींत बोअर करून मोठे पिस्टन किंवा स्लीव्ह मारावी लागते. ब्लॉकला तडा असेल किंवा कनेक्टिंग रॉड तुटून भोक पडलं असेल, तर त्या ब्लॉकवर पैसा घालू नका.

आता एक सापळा. "फक्त रिंगा बदलून देतो, निम्म्यात काम होईल." अंडाकार झालेल्या सिलिंडरमध्ये नवी रिंग नीट बसत नाही. काही महिने गाडी बरी चालते, मग तोच धूर. मजुरी दोनदा जाते. बांधायचं तर क्रँक, लाइनर-पिस्टन, हेडच्या व्हॉल्व्ह सीट, ऑइल पंप आणि डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन एकदमच करा. इंजिन खाली उतरलंय तर क्लच प्लेट आणि फाउंडेशन रबरही बघून घ्या, त्यासाठी पुन्हा उतरवायचं कशाला?

आणि इंजिन गेलं का, हे शोधा. रेडिएटर चोंदला म्हणून तापून गेलं असेल, तर नवं बांधलेलंही त्याच घाटात तापेल. कटकट नको म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडं सवय आहे. ती वाईट, थंड इंजिन लवकर झिजतं.

दुसरं इंजिन टाकायचं झालं तर

२५२३ सीसीचं डीआय इंजिन बोलेरोतही आलं, त्यामुळं त्याचे सुटे भागही मिळतात आणि जुनी इंजिनंही. प्युजोचे भाग मिळतात, पण शोधावे लागतात. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून किंवा जवळच्या भंगारवाल्याकडून 'चालू' इंजिन आणतात. पण ते आतून कसं आहे हे कुणीच सांगू शकत नाही. रंग मारून चकाचक केलेल्या इंजिनापेक्षा ऑइलानं माखलेलं, पण समोर चालू करून दाखवलेलं इंजिन परवडलं. गेज तिथंच लावा. नाहीतर आणून परत खोलायचं आणि खर्च दुप्पट.

यात पैशापेक्षा मोठी भानगड कागदाची. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकावर असतो. स्वतःचं इंजिन बांधलं, ब्लॉक तोच राहिला, तर नंबर तोच. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. मग मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही विचारा, विमा कंपनीला नवा नंबर द्या. हे राहिलं तर अपघाताच्या क्लेमला अडचण येते, पासिंगला गाडी अडते आणि विकताना गिऱ्हाईक पळतं. विकणाऱ्याकडून पक्कं बिल आणि ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची झेरॉक्स घ्या. नंबर घासलेला किंवा पुन्हा पंच केलेला दिसला तर इंजिन फुकट दिलं तरी नको. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येणार.

वेगळ्याच कंपनीचं किंवा ट्रॅक्टरचं इंजिन बसवून देणारे कारागीर आहेत. हात चांगला असतो त्यांचा, पण कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय गिअरबॉक्स आणि फोर व्हीलच्या जोडणीचा मेळ बसवताना खर्च वाढतच जातो.

बऱ्याच जणांचा समज आहे की १५ वर्षं झाली की गाडी भंगारात, मग खर्च कशाला? ती सक्ती सरकारी गाड्यांना आहे. आपली खासगी जीप तपासणीत पास झाली तर आरसी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो, तो खर्चात धरा. काळी-पिवळीचे नियम वेगळे, त्यांना फिटनेस आधीपासूनच लागतो.

म्हणून खर्चाचा आकडा काढण्याआधी गाडीखाली झोपून चेसिस बघा. गंजून पत्रा सुटत असेल, गिअरबॉक्सही ओरडत असेल, आरसीचं एकच वर्ष उरलं असेल, तर इंजिनावर पैसा घालू नका. चेसिस ठणठणीत आणि क्रँक-ब्लॉक मापात असेल, तर आपलंच इंजिन बांधणं बहुतेकांना परवडतं. माझा हिशोब साधा आहे. इंजिनचं बिल गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर एक रात्र थांबा, घरात बोला.

काम देताना कोणते पार्ट, कोणत्या मापाचे, हे कागदावर लिहून घ्या आणि काढलेले जुने पार्ट परत मागा. गाडी ताब्यात आल्यावर पहिले हजार किलोमीटर भरलेली गाडी घाटात घालू नका, रेस ताणू नका. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरलाच बदला, आणि त्या ऑइलात चकाकणारा कीस दिसला तर तसंच गॅरेजला घेऊन जा.