नुसतं ‘नीट कर!’ नको

मुलांनो, मल्लखांब पाहिलाय ना? गुळगुळीत लाकडी खांब, त्यावर एरंडेल तेलाचा हात फिरवलेला. तुमच्याच वयाचा एखादा मुलगा त्यावर सरसर चढतो, डोकं खाली नि पाय वर करून लटकतो आणि वर हसतोसुद्धा! ह्याच्या अंगात हाडंच नाहीत की काय, असं वाटतं. पण पहिल्या दिवशी तोही घसरलाच असणार. मग तो शिकला कसा?

मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवा जोम दिला. ती पसरली मुख्यतः वस्तादाकडून शिष्याकडे, बघत बघत. ‘साधी अढी’च घ्या. खांब हातांनी धरायचा, पाय वर फेकायचे आणि उलट्या अंगानं मांड्यांनी खांब पकडायचा. वाचून जमेल? छे! पण वस्तादांनी एकदा करून दाखवलं, की आधी काय, नंतर काय आणि कोणत्या लयीत, हे डोळ्यांत बसतं.

मजा म्हणजे, फक्त पटाईत खेळाडूलाच पाहावं असं नाही. शिकणाऱ्या मित्राला पाहा आणि वस्ताद त्याला काय सांगतात ते ऐका. त्याची चूक कशी सुधारत गेली, ते कळतं. रांगेत उभं राहणंसुद्धा फुकट जात नाही!

तरी पाहून सगळं येत नाही. पकड किती घट्ट हवी, तोल कुठे सांभाळायचा, हे ज्याचं त्यालाच करून उमगतं. शिवाय उलटं लटकलं की स्वतःचे गुडघे वाकलेत की ताठ आहेत, हे दिसत नाही. तिथे दुसऱ्याचे डोळे लागतात. पण सांगायचं कसं?

अमेरिकेत 1932 साली ट्रोब्रिज आणि केसन यांनी एक प्रयोग केला. डोळे बांधून तीन इंचांची रेघ काढायची. काहींना काहीच सांगितलं नाही, काहींना फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच, तर काहींना रेघ नेमकी किती लांब वा आखूड झाली ते सांगितलं. काहीच न कळलेले सुधारले नाहीत. नेमकी चूक कळलेले सगळ्यांत पुढे गेले.

तुम्हीही करून पाहा. डोळ्यांना रुमाल बांधा आणि 10 सेंटिमीटरची रेघ 20 वेळा काढा. पहिल्या 10 वेळा ताईनं गप्प बसायचं, नंतर प्रत्येक रेघ मोजून सांगायची. फरक पट्टीच दाखवेल!

मग सारखंच सांगत राहावं का? तसंही नाही. 1990 साली विन्स्टीन आणि श्मिट यांनी हाताची एक अवघड हालचाल लोकांना शिकवली. काहींना प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, काहींना साधारण निम्म्या वेळा. दुसऱ्या दिवशी, कुणी काही सांगत नसताना, निम्म्या वेळा ऐकलेल्यांनी अधिक चांगलं करून दाखवलं. कारण मधल्या वेळी त्यांना आपल्या अंगाचं ऐकावं लागलं होतं. सारखा आधार मिळाला, की आपण त्यावरच रेलतो.

आई-बाबांनो, ही गोष्ट सायकलला, पोहण्याला, तबल्याला आणि अक्षरालाही लागू आहे. पाटीवरचा ‘क’ वाकडा आला, तर ‘घाणेरडं अक्षर!’ म्हणून मुलीला काय कळणार? ‘गोल पुरा बंद कर’ म्हटलं, तर हाताला काम मिळतं. करून दाखवा, एका वेळी एकच चूक सांगा आणि मग थोडं गप्प बसा. ‘तुला जमायचंच नाही’ हे ऐकून कितीतरी मुलं मैदान सोडतात. खरं तर अनेकदा त्यांना नेमकं काय चुकतंय, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं.

आणि मुलांनो, कुणी नुसतं ‘नीट कर’ म्हणालं, तर न रुसता विचारा, “नीट म्हणजे कसं? एकदा करून दाखवता?”